बाईसाहेबांचं दार

आयुष्यभर लोकांच्या अंगावरचे केस उपटून पोट भरलेली बाई उतारवयात एका केसाळ झाडाच्या प्रेमात पडते, याला काय म्हणायचं? गल्ली याला वेड म्हणे. धाकटा भाऊ हट्ट म्हणे. भावजय काहीच म्हणत नसे, नुसता सुस्कारा टाकी, आणि तिचा सुस्कारा दोन्ही मजल्यांवर ऐकू जाई. ताई स्वतः म्हणायची, "मला आवडतं. बास." आणि हातातली वॅक्सची पट्टी अशी सर्रकन ओढायची, की समोरच्या गिऱ्हाइकाला पुढचा प्रश्न सुचतच नसे.

ताई सगळ्यांचीच ताई. तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या शेजारच्या काकूसुद्धा तिला ताईच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं: दोन फिरत्या खुर्च्या, भिंतभर आरसा, वॅक्स गरम करायचं भांडं आणि चेहऱ्याला वाफ द्यायचं एक यंत्र, जे चालू झालं की किटलीसारखं कुरकुरे. मागे अंगण. आणि या दोन्हींच्या मधोमध ताईची खोली. जिना उतरला की ताईचं दार, ते ओलांडलं की ताईचा पलंग, आणि पलंगाला वळसा घातला की अंगण. वरच्या मजल्यावर धाकट्याचा संसार होता. त्यांना कपडे वाळत घालायचे असोत, सायकल ठेवायची असो, की नुसतं मोकळ्या हवेत फोनवर भांडायचं असो, वाट ताईच्या खोलीतून. दारांना कड्या होत्या, पण लावायची सोय नव्हती. लावली रे लावली की बाहेरून दार ढकललं जाई आणि हाक येई, "ताई, झोपलीस की काय दिवसाढवळ्या?" कपडे बदलताना ती कपाटाचं दार उघडायची आणि त्याच्या आडोशाला उभी राहायची. वर्षानुवर्षं.

आई गेली तेव्हा धाकटा शाळेत होता. ताईने पार्लरचं काम शिकून घेतलं, त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं आणि वरचा मजला त्याला देऊन स्वतःचं कपाट खाली आणलं. हे सगळं तिने हौसेने केलं. दिल्याचं दुःख तिला कधीच झालं नाही. न विचारता नेल्याचं व्हायचं. तिची छत्री वर जाई ती पावसाळा संपल्यावर खाली येई. तिची चांगली कात्री वायर सोलायला नेली जाई. अंगणात तिने गुलाब लावला, तर पहिली कळी भावजयीच्या फुलदाणीत. लिंबू लावलं, तर अर्धी गल्ली कुंपणावरून हात घालून लिंबं तोडी आणि वर सांगे, "ताई, यंदा रस कमी आहे हं."

अशा दिवसांत एका दुपारी पार्लरमध्ये एक अनोळखी बाई आली. झाडांचा अभ्यास करणारी, जंगलं पालथी घालणारी. उजवा हात अंगापासून लांब धरलेला.

"हाताला वॅक्स करायचंय," ती म्हणाली. "ओरडले तरी थांबू नका."

ताईने हात बघितला. केस जवळपास नव्हतेच, नुसते लाल चट्टे. "अहो, यावर काय काढू मी?"

"दिसत नाहीत, पण आहेत. झाडाचे केस आहेत." बाईंनी दात आवळून सांगितलं. उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलात एक झाड होतं. पानं हृदयाच्या आकाराची, हाताच्या पंजाहून मोठी, आणि त्यांवर मखमलीसारखी लव. ती लव म्हणजे काचेच्या बारीक सुया. नुसतं पान घासलं तरी त्या कातडीत घुसून मोडतात आणि महिनोन् महिने आग होते. "चोळलं की आणखी आत जातात. ओढून काढणं हा एकच उपाय. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याकडच्या चिकटपट्टीने थोडे निघाले, बाकीच्यांसाठी पार्लर गाठा."

ताईने पावडर लावली, वॅक्स पसरलं, पट्टी दाबली आणि ओढली. बाई ओरडल्या. ताई थांबली नाही. शेवटची पट्टी झाल्यावर तिने विचारलं, "एवढं वाईट झाड, मग लोक ते तोडत का नाहीत?"

घामाने निथळलेल्या बाई हसल्या. "तोडणार कोण?"

ती बाई गेली, पण तिचं उत्तर ताईच्या डोक्यातून काही जाईना. भुवया कोरताना आठवे, भाजी चिरताना आठवे. तोडणार कोण? ज्याच्याकडे कुणी न विचारता हात लांबवत नाही, असं काहीतरी या जगात मातीतून उगवतं, आणि तेही मऊ मखमली अंगाचं! बाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा ताईने सरळ विचारलं, "मला एक रोप आणून द्याल?"

बाईंना ती थट्टा वाटली. पण ताई दर भेटीला तेच विचारू लागली, तेव्हा एकदा त्या डब्यात बंद केलेलं बोटभर रोप घेऊन आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधी अटी सांगू लागल्या. बंद खोली हवी. कुलूप हवं. दारावर पाटी हवी. तोंडाला फडका हवा, कारण ही लव हवेतही उडते आणि शिंकून शिंकून नाकातून रक्त काढते. ताईने भंगारवाल्याकडून जुन्या खिडक्या आणल्या, सुताराकडून अंगणाच्या कोपऱ्यात काचेची खोली उभी करून घेतली आणि रोपाला तिथे बसवलं. त्याचं नाव ठेवलं बाईसाहेब.

बाईसाहेबांचे नखरे मोठे. ऊन हवं, पण वारा खपत नाही. माती भुसभुशीत आणि ओलसर हवी, पण पाय पाण्यात बुडता कामा नयेत. थंडीत हवा कोरडी झाली की पानं मुकाट्याने खाली झुकत. मग ताई पार्लरमधलं वाफेचं यंत्र उचलून काचेच्या खोलीत नेई. गिऱ्हाईक विचारे, "ताई, फेशियल?" तर ही म्हणे, "थांबा, आत एकीचं चाललंय." एवढ्या विषारी पानांवरसुद्धा एक किडा येई आणि बेलाशक भोकं पाडी. भुवयांच्या चिमट्याने ताई त्याला उचली आणि म्हणे, "तुझी कमाल आहे बाबा." खाली पडलेलं वाळकं पानही डंख मारतं, म्हणून ते लांब सांडशीने पत्र्याच्या डब्यात जाई. ज्या बाईने आयुष्यभर एक केस सुटू दिला नाही, ती आता एका झाडाची लव जपत होती.

झाडवाल्या बाईंनी शिकवलेल्या दोन गोष्टी ताईने कधी मोडल्या नाहीत. पहिली, आत जाण्याआधी काचेवर दोन टिचक्या मारायच्या. "झाडाला काय कळणार म्हणा," बाई म्हणाल्या होत्या, "पण टिचकी मारली की माणूस थांबतो. थांबला की मोजे, बाह्या, फडका सगळं एकदा बघतो." दुसरी गोष्ट हातमोज्यांची. आतून पातळ रबरी मोजे, वरून कोपरापर्यंतचे चामडी. काम झालं की चामडी मोजे वरच्या काठाला धरून उलटे सोलायचे, म्हणजे बाहेर चिकटलेली लव आतल्या बाजूला बंद होते, आणि तसेच उलटे खोलीतल्या खिळ्याला अडकवायचे. पुढच्या खेपेला चिमट्याने सुलटे करून त्यांच्यावर आधी वॅक्सची पट्टी ओढायची आणि मगच हात घालायचा. पाटी ताईने स्वतः रंगवली: विचारल्याशिवाय आत येऊ नये.

झाडाच्या दारावर टिचकी मारणारी बाई! गल्लीला महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली. काकू कुंपणावरून विचारत, "काय ताई, बाईसाहेब उठल्या का?" ताई म्हणे, "उठल्यात. येता भेटायला?" काकू कधी आल्या नाहीत. लिंबाला लांबणारे हातही हळूहळू कुंपणापलीकडेच राहू लागले.

झाड ताईच्या खांद्याला आलं, डोक्यावर गेलं. आणि मग धाकट्याने गाडी घेतली.

गाडी रस्त्यावर उभी राही आणि कुणी ना कुणी तिचा आरसा घासून जाई. एका सकाळी धाकटा खोलीतून अंगणात चालला असता पलंगापाशी थांबून म्हणाला, "ताई, अंगणाची मागची भिंत पाडली की गाडी सरळ आत येते. मी मापं घेतली."

"कधी घेतलीस?"

"काल. तू गिऱ्हाइकात होतीस."

"म्हणजे माझ्या खोलीतून गेलास."

"मग काय उडत जाऊ?" तो हसला. "ते खोपटं तेवढं काढावं लागेल. झाड हलवू कुठेतरी."

"कोण हलवणार?"

"अगं, पोरखेळ आहे का हा? उद्या कुणाला काही झालं म्हणजे?"

"कुलूप आहे. पाटी आहे. जो विचारून येईल त्याला काही होणार नाही."

"माझ्याच घरात मी कुणाला विचारू?" धाकटा म्हणाला. तो काही रागाने म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ताईला तेच लागलं.

"घर दोघांचं आहे," ती म्हणाली. "एकट्याचं असतं तर विचारायची गरज नव्हती. झाड हलणार नाही."

बोलणं तिथेच थांबलं, पण घरात काही थांबलं नाही. भावजयीचे सुस्कारे वाढले. भिंत पाडणारा गवंडी एकदा येऊन बघून गेला, तोही ताईच्या पलंगाला वळसा घालून. ताईने त्याला पाणी दिलं आणि झाडाबद्दल इतकं मन लावून सांगितलं की तो परत फिरकला नाही.

मग लग्नाच्या दिवसांतल्या एका सकाळी ताई नवरीला सजवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. धाकट्याने हाच मुहूर्त धरला. तो अगदीच बेसावध नव्हता. रेनकोट, हेल्मेट, तोंडाला रुमाल, हातात कुऱ्हाड. हातोडीने कुलूप फोडलं, दार ओढलं. झाडाकडे बघून क्षणभर थबकलाही. तेवढ्यात त्याला खिळ्याला टांगलेले चामडी मोजे दिसले. ताई हेच घालते, म्हणजे हेच बरे, असा साधा सरळ हिशेब करून त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत आत खुपसले.

ताई रिक्षातून उतरली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच तिला धाकट्याचं ओरडणं ऐकू आलं. पार्लरच्या पायरीवर धाकटा बसला होता, हात बादलीत, आणि भावजय वरून बर्फ ओतत होती. गार पाण्याने ही आग भडकते. तो प्रत्येक खड्यागणिक किंचाळत होता, आणि ती घाबरून आणखी ओतत होती.

"हात काढ पाण्यातून," ताई ओरडली. "आधी हात काढ. चोळू नकोस. वॅक्सचं बटण दाबा कुणीतरी!"

पण खरं सांगायचं तर वॅक्स तापेपर्यंत ती भावाजवळ थांबली नाही. ती अंगणात धावली. कुलूप जमिनीवर. वेदनेने भिरकावलेल्या कुऱ्हाडीने एक काच फुटलेली आणि एक फांदी मोडून लोंबकळत असलेली. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात बाईसाहेब उभ्या, पानसुद्धा न हलवता. दाराबाहेर पडलेले उलटे मोजे बघून ताईच्या सगळं ध्यानात आलं. झाडाने त्याला हातही लावला नव्हता. तिला हसू आलं. हसू आल्याची लाज वाटली. मग असा संताप आला की लाजेला जागाच उरली नाही. तिने फुटक्या काचेवर प्लॅस्टिक ताणून बांधलं, दार लोटलं आणि आत आली.

नवऱ्या ज्या खुर्चीत बसत, त्या खुर्चीत धाकटा बसला होता. आरशात त्याचा चेहरा लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. ताईचं काळीज हललं, पण हात हलला नाही. मोजे उलटे टांगलेले असतात हे सांगत तिने पावडर लावली.

"मोजे उलटे होते, ताई?" तो हुंदके देत म्हणाला. "मला काय माहीत!"

"विचारायचं होतंस."

"तू घरात नव्हतीस."

"एरवी असते ना. तेव्हा विचारायचं होतंस."

"मुद्दाम ठेवले असतील उलटे," भावजय दारातून म्हणाली.

"कुलूपसुद्धा मुद्दामच लावलं होतं," ताई मान न वळवता म्हणाली. "पाटीसुद्धा मुद्दामच रंगवली होती. माझं एवढं सगळं मुद्दाम केलेलं, त्यातलं एकही तुम्हाला दिसलं नाही?"

तिने पट्टी ओढली. धाकटा खुर्चीसकट फिरला. तिने पायाने खुर्ची थोपवली आणि दुसरी पट्टी दाबली. हात हलका होता तिचा, रागातही हलकाच राहिला. जिथे दोनदा ओढायचं तिथे तिने दोनदाच ओढलं, सूड म्हणून तिसऱ्यांदा नाही.

"आता तरी तोडाल ना ते?" भावजयीने विचारलं. या वेळी तिचा आवाज रडवेला होता.

"नाही."

"सख्ख्या भावापेक्षा झाड मोठं झालं, ताई?"

"भावाचा हात माझ्या हातात आहे. दिसतोय ना? भाऊ माझा आहे आणि झाडही माझं आहे. एकासाठी दुसरं टाकायला मला सांगू नकोस."

मग ती धाकट्याशी बोलली. आरशाकडे बघत नाही, त्याच्याकडे बघत. "मी तुझ्यासाठी काय केलं ते ऐकवणार नाही. मला त्याची परतफेड नकोय. पण या घरात माझ्या खोलीचं दार आजवर कुणी वाजवलेलं नाही. तू नाही, ही नाही. गवंडी आला, त्यानेही नाही. तुम्हाला मी घरात लागते, पण त्या दाराआड मी असेन हे तुमच्या मनातसुद्धा येत नाही. त्या झाडाच्या दारावर मी रोज टिचकी मारते रे. झाडाच्या दारावर! माझ्या दारावर कधी कुणी मारली?"

 पुढच्या पट्टीला धाकटा ओरडला नाही.

"किती दिवस दुखेल?" शेवटी त्याने विचारलं.

"बरेच. गार पाणी लागलं की परत आग होईल. आंघोळ कोमट पाण्याने कर. आणि उद्या परत ये, अजून आहेत."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीने ताईला शहाणपण शिकवायला सुरुवात केली. ज्या काकूंनी कधी बाईसाहेबांचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यासुद्धा भुवया कोरून घ्यायच्या निमित्ताने खुर्चीत बसून म्हणाल्या, "ताई, माणसापुढे झाडाचं काय हो? काढून टाका."

"भुवया हलवू नका, काकू," ताई म्हणाली. "वाकडी गेली तर मला बोल लावाल."

काकूंनी डोळे मिटून घेतले. ताईने मोडकी फांदी फेकली नव्हती. पानं सांडशीने खुडून तिचा तुकडा कुंडीत लावला होता, आणि महिन्याभरात त्याला दोन मखमली पानं फुटली. एक होत्या त्या बाईसाहेब दोन झाल्या. खोली अपुरी पडू लागली, तेव्हा सुताराला बोलावून ताईने ती वाढवून घेतली, ज्या बाजूने गाडी आत यायची होती नेमक्या त्या बाजूला. पाटी पुन्हा रंगवली, पहिलीपेक्षा मोठ्या अक्षरांत. आणि सुतार हाताशी आहे म्हणून स्वतःच्या खोलीच्या दोन्ही दारांच्या कड्याही नीट बसवून घेतल्या. आता ती त्या लावू लागली. पहिल्या दिवशी बाहेरून दार ढकललं गेलं, हाक आली. ताई पलंगावर बसून राहिली. उघडलं नाही. वाळत घालायचे कपडे त्या दिवशी वरच्याच गॅलरीत वाळले, आणि चांगले वाळले.

धाकट्याचे हात हळूहळू सुधारत गेले. अधूनमधून सकाळी वरून एक अस्फुट किंकाळी येई. म्हणजे साहेबांनी विसरून गार नळ सोडलेला असे. ताई खाली बाईसाहेबांना पाणी घालता घालता ओरडे, "कोमट!" आणि वरून उत्तर येई, "हो!" गाडी रस्त्यावरच उभी राहायची. तिचा आरसा त्याने आत दुमडून ठेवायला सुरुवात केली होती.

एका सुट्टीच्या सकाळी ताई खोलीत बसली होती. गिऱ्हाईक नव्हतं, काम नव्हतं. केस मोकळे सोडलेले, पाय पलंगावर लांब केलेले, हातात चहा. कडी लावायची राहून गेली होती, हे तिला समोरच्या दाराकडे नजर गेली तेव्हा कळलं. उठावं की नाही या विचारात असतानाच जिन्यावर पावलं वाजली, दाराशी आली आणि थांबली.

मग दारावर दोन टिचक्या पडल्या.

 ताईला वाटलं, आपल्याला भास झाला.

"कोण?"

"मी आहे, ताई. आत येऊ का? अंगणात जायचं होतं."

ताईने कप दोन्ही हातांत घट्ट धरला. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला तिला हात मोकळा करायचा नव्हता. दाराची मूठ तिला दिसत होती. ती फिरली नाही.

"आत्ता नको," ती म्हणाली.

दाराबाहेर एक पाऊल मागे सरकलं.

"बरं," धाकटा म्हणाला. "मग येतो नंतर."

पावलं वळली आणि जिना चढून वर गेली.